रस्त्यापलीकडचं स्टेज

भर दुपारी धाकटी बहीण समोरच्या गाण्याच्या हॉलच्या बाजूच्या दारातून बाहेर पडताना दादाला दिसली. तो त्यांच्या बारच्या पायरीवर कीबोर्डची वायर गुंडाळत बसला होता. ती रस्ता ओलांडून आली, तेव्हा त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, कुठे गेली होतीस. ती म्हणाली, शिंप्याकडे. हातात साधी पिशवीसुद्धा नव्हती.

आई गेल्यापासून दोघं याच बारमध्ये होती. ती गायची, तो साथ करायचा. लोक यायचे ते तिच्या आवाजासाठी, हे दादाला पक्कं ठाऊक होतं. ती गेली, तर नुसता कीबोर्ड ऐकायला कोण बसणार?

मग एकेक गोष्ट त्याला खटकायला लागली. तिने सगळ्या गाण्यांची पट्टी खाली आणायला लावली होती. तिकडच्या बँडची सवय करत असणार. घरात गुणगुणणं बंद केलं होतं. तिकडच्यासाठी गळा राखत असणार. गाणं अर्ध्यावर आलं की माइकपासून बाजूला व्हायची आणि त्याला लांबलचक वाजवायला लावायची. म्हणजे इथलं सगळं आपल्या गळ्यात मारून ही मोकळी. शनिवारी तर समोरच्या मॅनेजरबाई मागच्या टेबलावर येऊन बसल्या, आणि धाकटीने त्यांच्याकडे पाहून हळूच मान हलवली.

जेवताना दादाने खडा टाकून पाहिला. समोरचा हॉल म्हणे नवीन गायिका शोधतोय.

"असेल," ती हळू आवाजात म्हणाली. "तू जेव ना, दादा."

दुसऱ्या दिवशी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला आणि रस्ता ओलांडला. मॅनेजरबाई रिकाम्या स्टेजसमोर खुर्च्या लावून घेत होत्या. त्यांनी त्याला ओळखलं, बसवलं, चहा मागवला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग रात्रभर मनात घोळवलेलं वाक्य त्याने एका दमात बोलून टाकलं.

"तुमची फसगत होऊ नये म्हणून सांगतो. माझ्या बहिणीचा गळा गेलाय. फार दिवस गाता यायचं नाही तिला."

सख्ख्या बहिणीबद्दल इतकं धडधडीत खोटं तो आजवर बोलला नव्हता. पण तिकडे नाही जमलं की निमूट परत येईल, आपल्याच शेजारी उभी राहील, अशी त्याने मनाची समजूत घातली.

बाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"म्हणजे तुम्हाला सांगितलं त्यांनी. बरं झालं. दादाला कळू देऊ नका म्हणून माझ्या मागेच लागल्या होत्या. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलंय, आता निदान माझ्या दादाला तरी तुमच्याकडे घ्या, एवढंच सांगायला येत होत्या त्या."