मावशींना लिहिलेली चिठ्ठी

नकाशा आणायला पूर्वजा शाळेच्या अडगळीच्या खोलीत शिरली आणि बाहेरून कुणीतरी कडी लावून मोकळं झालं. अकराला तालुक्याच्या लेखनस्पर्धेची गाडी सुटणार होती. मैदानात लेझीम-ढोलाचा असा दणका चालला होता, की हिच्या हाका हिलाच ऐकू येईनात.

पण वही-पेन होतं ना! मोडक्या बाकावर चढून तिने झोकात अर्ज लिहिला, ‘माननीय महोदय, विषय : खोलीत कोंडले गेल्याबाबत’, आणि उंच खिडकीच्या गजांतून व्हरांड्यात टाकला. क्लार्क भाऊसाहेबांनी तो वाचला, अक्षराला मान डोलावली आणि आवक क्रमांक टाकायला ऑफिसात नेला.

मग तिने बातमी लिहिली, ‘हुशार विद्यार्थिनी खोलीत अडकली, शाळेत खळबळ!’ ती नववीतल्या एकाने समोरच्या वार्ताफलकावर खडूने सुरेख उतरवली. पोरं जमली, चुकचुकली आणि लेझीम बघायला पळाली.

अकराला पाच मिनिटं उरली. पूर्वजाला रडूच फुटलं. ज्यावर बक्षिसं मिळतात, ते सगळं लिहून झालं होतं! तेवढ्यात झाडू घेऊन शेवंतामावशी येताना दिसल्या. त्या नुकत्याच वाचायला शिकल्या होत्या. जोडाक्षर आलं की अडायच्या. पूर्वजाने डोळे पुसून मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘मावशी, कडी काढा. मी आत आहे.’

खाडकन दार उघडलं. “अगं बाय माझे! कडी मीच लावली की गं! आधी नाही का लिहायचं?”

गाडीचा हॉर्न वाजला. पूर्वजा पळता पळता ओरडली, “लिहिलं होतं हो मावशी, पण तुम्हाला नव्हतं लिहिलं!”