समोरची खुर्ची

"हा प्रश्नोत्तरांचा खेळ सासू-सून दोघींनी खेळायचा हं, नुसता हातात देऊन मोकळी होऊ नकोस," भाषा शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं. सुनेने ते कानाआड केलं आणि पत्ते-सोंगट्यांचा डबा सासूबाईंच्या हातात ठेवला. परक्या देशात सासूबाईंचा वेळ तरी जाईल!

एकदा ती ऑफिसातून लवकर आली, तर आतून नव्या भाषेतल्या गप्पा ऐकू आल्या. मैत्रीण मिळाली वाटतं, म्हणून ती हरखून दारातच थांबली. सासूबाईंनी पत्ता उचलून विचारलं, "आज तुमच्याशी कोण कोण बोललं?" मग गुडघे धरत उठल्या, समोरच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि बिनचूक उत्तर दिलं, "अजून कोणीच नाही."

"वा विहीणबाई, जिंकताय की!" आपल्या खुर्चीत परत येऊन म्हणत त्यांनी समोरची सोंगटी पुढे सरकवली.

तुमच्या घरात कोणी असं शहाण्यासारखं एकटं रमलेलं असेल, तर जरा आत डोकावून याल?