करंजाखालची जागा

कुरुंदवाडच्या तालमीनं गळानं मासे धरायची शर्यत ठेवली, तेव्हा गुंडूनं पंधरा दिवस आधीच जागा हेरली. करंजाखालचा डोह. गाव हसलं, तिथं कधी कुणाला मासा लागला नव्हता.

शर्यतीत गुंडूनं तिथूनच सात किलोचा कटला ओढला.

"जागा हेरायला नजर असावी लागती," बक्षिसाची घागर मिरवत तो घरी आला. बायको दारात नव्हती.

"बया भांडी घासायला गेलीया," शेजारची झुंबरबाई म्हणाली. "पंधरा दिस झालं, घाट सोडून करंजाखालीच जाती. मासं खरकट्याला सवकलं पायजेत म्हणती."

तेवढ्यात बयाबाई आली. गुंडूनं तिच्या डोक्यावरची पाटी उतरून घेतली आणि हळूच विचारलं, "फुडल्या साली कुठं बसायचं गं?"