तिसरी विक्री

"उद्या बाजारदिवस आहे. धुतलेलं वस्त्र घालून चौकात ये," मामेर्कस धाकट्या मुलाला म्हणाला आणि पुन्हा फाळाला धार लावू लागला.

नुमेरियसच्या हातातला लापशीचा वाडगा तसाच राहिला. "पुन्हा ऑपिटर?"

"पुन्हा ऑपिटर."

एवढंच. रोममध्ये बाप कारण सांगत नसे आणि मुलगा विचारत नसे. मुलगा तिशीचा होवो की चाळिशीचा, बाप जिवंत आहे तोवर तो बापाच्या हाताखाली. त्याचा बैल बापाचा, त्याचा जीवही बापाचा. मनात आलं तर बाप त्याला विकूही शके.

मामेर्कसने नुमेरियसला दोनदा विकलं होतं. एकदा दुष्काळाच्या साली, एकदा रोगाने बैल मेले तेव्हा. दोन्ही वेळा टेकडीवरच्या ऑपिटरला. ऑपिटर सिनेटमध्ये बसणारा माणूस, मोठ्या द्राक्षमळ्याचा धनी. त्याची तिन्ही मुलं एकाच लढाईत गेली होती. नुमेरियस दोन-दोन वर्षं तिथे राबला. मुदत संपली की ऑपिटर त्याला मोकळं करी आणि मोकळा झालेला नुमेरियस पुन्हा बापाच्या हाताखाली येई.

थोरल्या स्पूरियसला मात्र बापाने एकदाही विकलं नव्हतं. घरच्या देवांपुढे बापाच्या उजव्या हाताला स्पूरियस. मतं द्यायला जाताना बापाबरोबर स्पूरियस. चौकातल्या कायद्याच्या पाट्या वाचायलाही तोच शिकला होता. डुक्कर कापलं की काळजाचा तुकडा त्याच्याच पुढ्यात. ते बघून नुमेरियसच्या अंगाचा तिळपापड होई.

दुपारी तो रानात गेला. स्पूरियस कुंपणाला काटे लावत होता.

"विकायला मीच बरा सापडतो," नुमेरियस म्हणाला. "तुझं बरंय, दादा."

"काय बरंय? तेहेतीस वर्षांचा झालो. मला या घरातून कुणी हलवलं नाही."

"मीठ चोळ जखमेवर."

"ऑपिटर मारतो का तुला?"

"नाही. मागच्या खेपेला स्वतःच्या पुढ्यातली अंजिरं द्यायचा. बैलालाही चारा घालतातच की."

स्पूरियस हसला नाही. त्याने आणखी एक काटा कुंपणात खोचला. मग म्हणाला, "एवढं जिवावर आलंय तर जाऊ नकोस."

"आणि विक्रीच्या तराजूपुढे कोण उभं राहील? तू?"

"राहीन."

"थट्टा करतोस?"

"खरंच सांगतोय. पण तू शपथ घे. बाबांपुढे ऐन वेळी शब्द फिरवलास तर तोंडघशी मी पडेन."

नुमेरियसने वाट पाहिली नाही. पायाजवळचा दगड उचलला. "ज्युपिटर साक्षी आहे. मी त्या तराजूपुढे उभा राहणार नाही. माझ्या जागी माझा भाऊ जाईल. शब्द मोडला तर मीही असाच फेकला जाईन!" आणि त्याने दगड लांब भिरकावला.

परतताना तो खुशीत होता. पण ओढा ओलांडेपर्यंत ती खुशी आंबली. आता दादा बापासाठी झिजणारा ठरणार. लोक त्याचंच कौतुक करणार. विकला जाऊनही हाच मोठा!

तरी दुसऱ्या दिवशी बघायला तो गेलाच. चौकात एका कुंभारणीच्या दुकानामागे, मडक्यांच्या उतरंडीआड दडून राहिला.

पाच साक्षीदार जमले होते. तराजूवाला मधोमध उभा होता. स्पूरियस बापाच्या कानाशी काहीतरी बोलला. मामेर्कसचा चेहरा पडला. त्याने गर्दीवरून नजर फिरवली आणि हाक मारली, "नुमेरियस!" मग पुन्हा एकदा, जोरात.

नुमेरियस हलला नाही.

ऑपिटरने खांदे उडवले. स्पूरियसच्या खांद्यावर हात ठेवला, तांब्याच्या तुकड्याने तराजू वाजवला. विक्री झाली.

"तो माझा भाऊ बरं का," नुमेरियस कुंभारणीला म्हणाला. "बापाचा लाडका! बघा, बैलासारखा विकला."

"हळू बोल की. दात काय काढतोस?"

पण ऑपिटरने लगेच हात काढला आणि स्पूरियसला बापाकडे ढकललं. बापाने पुन्हा पुढे केलं. तराजू पुन्हा वाजला. पुन्हा परत. मग तिसऱ्यांदा.

नुमेरियसला हसू आवरेना. एका सकाळी तीनदा! त्याची दोनदा व्हायला सहा वर्षं गेली होती. आणि तिकडे बाप चक्क डोळे पुसत होता. लाडक्याची ही शोभा त्याला बघवत नसणार. नुमेरियसचं काळीज निवलं. आता दादाच्या तोंडावर दोन शब्द टाकायचेच, म्हणून तो आडोशातून बाहेर आला.

जवळ गेला तर साक्षीदार स्पूरियसची पाठ थोपटत होते.

तराजूवाल्याने हात वर केला. गेल्या वर्षी चौकात लागलेल्या नव्या कायद्यातली ओळ त्याने खणखणीत आवाजात म्हटली. "बापाने मुलगा तीनदा विकला, की मुलगा बापाच्या हातून सुटला!"

"आणि आता माझा झाला," ऑपिटर म्हणाला. त्याने स्पूरियसच्या कपाळाचं चुंबन घेतलं. "माझा मुलगा. माझं नाव, माझं घर, माझा मळा."

स्पूरियसने धाकट्या भावाकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

बापाने जवळ येऊन नुमेरियसचा दंड धरला.

"ऑपिटर वर्षभर माझ्या मागे लागला होता, धाकटाच दत्तक दे म्हणून. आणि तू शपथ घेऊन नाही म्हणालास?" मामेर्कसचा आवाज फुटला. "याला तीनदा विकावं लागलं रे. तुझं तर एकदाच उरलं होतं."