जाड कवच

मंगळावरची वसाहत सोडून परतलेल्या शेवटच्या यानाचं उष्णताकवच वैजयंती तपासत होती. पृथ्वीच्या वातावरणात शिरताना यानाभोवती पेटणाऱ्या प्लाझ्माचं प्रारण कवचाला किती जाळेल, हे गणित तिचंच. त्या आकड्यामुळे निघण्याआधी कवच जाड केलं गेलं आणि वाढलेलं वजन भरून काढायला एक आसन काढावं लागलं. हेरंब करमळकरने आपली जागा सोडली आणि तो मंगळावरच राहिला. महिन्याभरात तिथला प्राणवायू संपला आणि तो एकटाच गेला.

त्याच यानातून आलेली त्याची बायको रेवती शेजारी येऊन उभी राहिली.

“किती जळलं?”

वैजयंतीला खोटं बोलवेना. “निम्मंही नाही. माझं गणित चुकलं.”

रेवतीने न जळलेल्या थरावरून हात फिरवला.

“म्हणजे आम्ही हे घेऊन आलो,” ती म्हणाली, “आणि हेरंबला ठेवून आलो.”