चादरींचं कंत्राट

निविदा उघडल्या, तेव्हा शेवंता खरातचं नाव दुसरं आलं. सरकारी दवाखान्याच्या चादरींचं ते कंत्राट मागासवर्गीय महिला उद्योजकांसाठी राखीव होतं. त्यासाठी तिनं आठ महिने कागद गोळा केले होते. आता सहाही शिलाई मशिनं बंद करावी लागणार होती. तरी कंत्राट आपल्यातल्याच एका बाईला मिळालं, या विचारानं तिनं मन आवरलं.

बाहेर पायरीवर ती बाई एकटीच बसली होती. शेवंतानं विचारलं, “अभिनंदन, ताई. तुमचा कारखाना कुठं आहे?”

“मला काय माहीत, बाई? शेटजींनी सांगितलं तिथं सह्या केल्या. मी त्यांच्याकडं धुणीभांडी करते.”

शेवंता तडक परत आत गेली. साहेबांनी फाईल उघडून दाखवली. “जातीचा दाखला खरा, सही खरी, उद्योगाची नोंदणी तिच्याच नावाची. मी काय करू, सांगा?”

ती बाहेर आली, तेव्हा बाई अजून तिथंच होती.

“तुमच्याकडं शिवायला माणूस लागतंय का हो?” तिनं हळूच विचारलं. “मला चांगलं शिवता येतं.”

“आता नाही लागत, ताई,” शेवंता म्हणाली.