डावा कौल

पेशंटला दोन्ही पर्याय समजावून सांग, असं डॉ. सुमेधांनी राउंडवरच्या विद्यार्थ्यांपैकी गंधारला सांगितलं. मेडिकल कॉलेजात हल्ली संवादालाही मार्क असतात. गंधारने घसा साफ केला, आवाजात आपुलकी आणली आणि तो आप्पांशी बोलू लागला.

पेशंट मथुराबाई शेजारीच कॉटवर बसल्या होत्या. आप्पा त्यांचे यजमान.

मथुराबाईंच्या स्तनात कॅन्सरची गाठ होती. लहान होती, वेळेत सापडली होती. गंधारने ‘स्तन’ म्हटल्याबरोबर आप्पा वर पंख्याकडे बघू लागले, त्यामुळे पुढचं सगळं त्याला आप्पांच्या हनुवटीला सांगावं लागलं. एक तर स्तन पूर्ण काढायचा. नाहीतर फक्त गाठ काढायची आणि मग पाच आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायचा, पण शेकाची सोय इथे नाही, कोल्हापूरला जाऊन राहावं लागेल. गुण दोन्हींचा सारखाच. निवड पेशंटने करायची. हे शेवटचं वाक्यही त्याने आप्पांनाच सांगितलं.

आप्पांनी धाकट्या भावाकडे पाहिलं. हरिश्चंद्र सकाळच्या पहिल्या एसटीने राजापूरकडच्या गावाहून आला होता आणि अजून पिशवी खाली ठेवायला तयार नव्हता. तो म्हणाला, पर्यायांचा प्रश्नच नाही, देवीला विचारून झालंय. काल गुरवाने पाषाणावर कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं आणि डावीकडची कळी आधी पडली. डावा कौल म्हणजे नाही. कापायचं नाही.

विद्यार्थी डॉ. सुमेधांकडे बघू लागले. डॉ. सुमेधा इथल्याच. त्यांच्या वडिलांनी घराचा पाया कौल मिळाल्यावरच खणला होता, त्यामुळे त्यांना एकदम हसताही येईना. देवीबद्दल मी काही बोलत नाही, त्या म्हणाल्या, पण गाठ थांबणार नाही. आज लहान आहे म्हणून निवडायला दोन गोष्टी आहेत. उशीर केलात तर एवढ्याही राहणार नाहीत. उद्या सकाळचं ऑपरेशन ठरलेलं आहे, ते ठेवायचं की नाही ते आत्ता सांगा.

आप्पांना बायको हवी होती आणि देवीही हवी होती. ते म्हणाले, आपण आणखी थोडा विचार करू. पुरुषमाणसं विचार करायला व्हरांड्यात निघाली.

“भावोजी,” मथुराबाई म्हणाल्या, “गाऱ्हाणं कुणाच्या नावाने घातलंत?”

हरिश्चंद्र दारात थांबला. “कुणाच्या म्हणजे? आप्पाच्या. घराण्याचं गाऱ्हाणं कर्त्याच्या नावानेच घालतात वहिनी, तुम्हाला काय नवीन आहे?”

“आणि दुखणं काय सांगितलंत?”

हरिश्चंद्राने विद्यार्थ्यांकडे, त्यातल्या मुलींकडे आणि शेवटी पिशवीकडे पाहिलं. देवीपुढे तसलं काही बोलता येत नाही, तो पुटपुटला. छातीचं दुखणं म्हणून सांगितलं. कापावं की कापू नये.

“मग देवीचं काय चुकलं?” मथुराबाई म्हणाल्या. “यांच्या छातीला काही झालेलं नाही. कशाला कापायची?”

आप्पांचा हात आपोआप स्वतःच्या छातीवर गेला.

हरिश्चंद्राला हे नाकारता येईना, कारण नाकारायचं तर गाऱ्हाणं चुकीचं घातलं असं म्हणावं लागलं असतं, आणि घातलं होतं त्यानेच. तो म्हणाला की तसं असेल तर पुन्हा लावू, वहिनींच्या नावाने. गुरव आज वर सड्यावर आंब्याच्या कलमांच्या कामाला गेलाय, उद्या दुपारी भेटेल.

“लावा की,” मथुराबाई म्हणाल्या. “मी शुद्धीवर आले की सांगा काय आलं ते.”

मग त्या डॉ. सुमेधांकडे वळल्या. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. पूर्ण काढलं तर शेक चुकेल का, आणि हात पूर्ववत वर जाईल का, कारण काजू काढायच्या असतात. डॉ. सुमेधा स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसल्या. शेक बहुतेक लागणार नाही, पण खात्रीने सांगायला काढलेला भाग तपासावा लागेल, त्या म्हणाल्या. हात जाईल, मात्र व्यायाम नेमाने करावा लागेल, सुरुवातीला दुखेल. मथुराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पूर्ण काढा, त्या म्हणाल्या. पाच आठवडे परगावी कुणाच्या तरी ओटीवर बसून राहायचं, ते मला जमायचं नाही.

गंधार हे सगळं मन लावून बघत होता. तो आता कॉटच्या दुसऱ्या बाजूला, मथुराबाईंजवळ येऊन उभा राहिला होता.

राउंड पुढे गेला. सिस्टर आली आणि अंगावरचं सगळं आजच उतरवून ठेवा म्हणाली, बांगड्यासुद्धा. सवाष्णीचे हात मोकळे, हे काही बरोबर नाही, असं हरिश्चंद्र म्हणाला. पण ते त्याने खिडकीबाहेर बघत म्हटलं.

मथुराबाई एकेक बांगडी काढून आप्पांच्या ओंजळीत टाकू लागल्या. डाव्या हातातली शेवटची, घट्ट, काही केल्या निघेना. आप्पांनी ओंजळ भावाच्या पिशवीत रिकामी केली, नळावरचा साबण आणला आणि अख्ख्या वॉर्डादेखत बायकोचा हात मांडीवर घेऊन मनगटाला साबण चोळायला लागले. बांगडी हाडाशी येऊन अडकली. आप्पा थांबले.

“दुखतंय का गो?”

“दुखतंय,” मथुराबाई म्हणाल्या. “ओढा.”